कडक हेडसर कुणाला हवेत?

रबीउल अव्वलचा महिना होता. शाळेच्या हॉलमध्ये सीरतचा जलसा होता. नववीच्या मुलीने नात-ए-पाक म्हटली, आठवीच्या दोन मुलांनी तकरीर केली आणि मग संस्थेचे सदर साहेब प्रेषितांच्या (स.) नम्र स्वभावावर वीस मिनिटं बोलले. छान बोलले. हजरत अनस (र.) यांची गोष्ट त्यांनी सांगितली. अनस (र.) लहान वयात प्रेषितांच्या (स.) खिदमतीत आले आणि दहा वर्षं राहिले. त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही ‘उफ’ ऐकावं लागलं नाही, हे का केलंस, ते का नाही केलंस, असा जाबही कधी विचारला गेला नाही. मागच्या रांगेत बसलेल्या आम्हा शिक्षिकांचे डोळे पाणावले.

मग सदर साहेब स्टेजवरून उतरले. चहा थंड निघाला. पन्नाशी ओलांडलेल्या शिपाईमामांना त्यांनी सगळ्या मुलांसमोर विचारलं, “अक्कल गहाण टाकली आहे का?” शिपाईमामा हसले. ते अशा वेळी नेहमी हसतात.

त्या हॉलमध्ये कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. मलाही त्या क्षणी दिसलं नाही. संध्याकाळी घरी भाकरी थापताना दिसलं, आणि तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हटत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वीस वर्षं होत आली. या काळात पाच-सहा मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलं, त्यातले चार ‘कडक’ म्हणून प्रसिद्ध होते. आपल्या समाजात हा शब्द शिवी नाही, ते प्रशस्तिपत्र आहे. “हेडसर कसे आहेत?” “एकदम कडक. स्टाफ चळाचळा कापतो.” हे सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. जणू शिक्षक कापतात म्हणजे मुलं शिकतात.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. शिक्षक जिथे कापतात तिथे काम बिघडतं, आणि बिघडलेलं काम वेळेवर कुणाला कळत नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. हे मी पाहिलं आहे.

एका शाळेत दहावीच्या आवेदनपत्रांचं काम एका तरुण शिक्षिकेकडे होतं. शिक्षण सेवक म्हणून लागलेली, तीन वर्षं पूर्ण व्हायची होती. बोर्डाकडून प्रीलिस्ट येते, ती तपासायची, चूक असेल तर दुरुस्त करायची, मग मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का होऊन ती परत जाते. प्रीलिस्ट सही होऊन गेली आणि दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की एका मुलीच्या एका भाषेचा विषय चुकीचा पडला आहे. त्याच दिवशी सांगितलं असतं तर एक पत्र, थोडं विलंब शुल्क आणि विभागीय मंडळाच्या ऑफिसात एक फेरी, एवढ्यात काम झालं असतं. तिने सांगितलं नाही. कारण आदल्याच आठवड्यात हेडसरांनी एका शिक्षकाचं हजेरी रजिस्टर स्टाफरूममध्ये भिरकावलं होतं आणि ते तिच्या पायाशी येऊन पडलं होतं. शिवाय तीन वर्षांनंतर तिला कायम करायचं की नाही, याचा अहवाल त्यांच्याच हातात होता.

हॉल तिकीट आलं तेव्हा चूक उघडी पडली. मुलीचे अब्बा हातगाडी लावून फळं विकणारे. धंदा बंद ठेवून ते दोन दिवस शाळेच्या पायरीवर बसून होते. मुलगी अभ्यास सोडून रडत होती. शेवटी धावपळ झाली, दुरुस्ती झाली, मुलीने पेपर दिला. पण त्या दिवसांत तिने जे भोगलं त्याची भरपाई कुठल्या शुल्काने होणार? मग त्या शिक्षिकेला मेमो मिळाला, खुलासा मागवला गेला. हेडसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “आधी का नाही सांगितलं?” आम्ही अकराजण तिथे उभे होतो. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी दिलं नाही, मीही नाही.

आता कडकपणाची बाजू घेणारे विचारतील, की मग तिला काहीच बोलायचं नव्हतं का? चूक तर तिची होतीच. होती, नक्कीच होती. पण चूक एका दिवसाची होती आणि लपवणूक कित्येक आठवड्यांची. पहिली तिच्या बेफिकिरीची, दुसरी आमच्या शाळेतल्या भीतीची. शिक्षा दोन्हींची तिला मिळाली.

बी.एड.ला आम्हाला कर्ट लेविन होते. ‘नेतृत्वाचे प्रकार’ यावर टीप लिहा, पाच गुण. मीही लिहिली, गुण मिळाले आणि विसरले. आज वाटतं, ती टीप प्रत्येक संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवावी. १९३९ साली लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले होते, मुखवटे बनवण्यासारखं काम दिलं होतं. काही गटांचा प्रमुख हुकूमशहासारखा वागे, काहींचा मुलांना विचारून आणि सोबत घेऊन काम करे, तर काहींचा प्रमुख नुसता बसून राही, कशातच लक्ष घालत नसे. हुकमाच्या गटात प्रमुख समोर असेपर्यंत काम जोरात चाले. तो खोलीबाहेर गेला की काम थंड पडे. मुलं एकमेकांवर चिडत किंवा मुकाट मरगळून बसत. विचारून चालणाऱ्या गटात प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राही.

आपल्या कडक हेडसरांची शाळा आठवा. सर तालुक्याला मीटिंगला गेले की स्टाफरूममध्ये काय होतं? चहा दोनदा होतो, तास दहा मिनिटं उशिरा सुरू होतो, मुलं व्हरांड्यात येतात. आणि आपण म्हणतो, “बघा, सर नसले की कुणी काम करत नाही, म्हणून कडक माणूसच पाहिजे.” आजाराचं लक्षण दाखवून आपण तेच औषध पुन्हा मागतो.

त्या प्रयोगातला तिसरा गट मात्र विसरू नका. ज्याचा प्रमुख कशातच लक्ष घालत नव्हता, त्या गटाचं कामही भरकटलं. दयाळूपणा म्हणजे सोडून देणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा तिसरा गट आहे. रोज उशिरा येणाऱ्याला काहीच न बोलणारा मुख्याध्यापक दयाळू नसतो. उशिरा येणाऱ्याचा वर्ग जिला सांभाळावा लागतो, तिच्यावर तो रोज अन्याय करत असतो. पगार सरकारचा घ्यायचा आणि तासाला मोबाइल बघत बसायचं, असे शिक्षक आपल्यात आहेत. ते नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यावर ओरडून ते सुधारलेले मी एकदाही पाहिले नाहीत. ओरडण्याचा परिणाम होतो तो कामाच्या माणसांवर. निगरगट्ट माणूस एका कानाने ऐकतो. प्रामाणिक माणूस रात्रभर जागतो.

दुसरा एक अभ्यास शाळेचा नाही, दवाखान्यांचा आहे. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांत एकमेकांशी वागणूक चांगली, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती वाटत नव्हती, म्हणून ती नोंदवली जात होती. भीतीच्या विभागांत चुका कागदावर येतच नव्हत्या. रुग्णाला मात्र त्या भोगाव्याच लागणार. तेव्हा ज्या शाळेत “आमच्याकडे कसलीच तक्रार नाही” असं अभिमानाने सांगितलं जातं, तिथे जरा थांबून विचारावं, की तक्रार नाही, की तक्रार करायला जागा नाही?

काही वाचक म्हणतील, बाजी, तुम्ही अमेरिकेची उदाहरणं देता, आपली रीत वेगळी आहे. मग आपल्याच रीतीचं बोलू या. उहुदकडे चलू या.

हिजरीचं तिसरं वर्ष, इसवी सन ६२५. मक्केची फौज चालून आली होती. मदिन्यातच राहून मुकाबला करावा, असा खुद्द प्रेषितांचा (स.) कल होता. तरुण सहाबांना बाहेर मैदानात जायचं होतं. मशवरा झाला, बाहेर जायचं ठरलं. टेकडीवर पन्नास तिरंदाज नेमले आणि काहीही झालं तरी जागा सोडू नका असं बजावलं. जिंकतो आहोत असं दिसताच त्यांतले बहुतेक खाली उतरले. पाठीमागून हल्ला झाला. सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले, त्यात प्रेषितांचे (स.) काका हजरत हमजा (र.) होते. प्रेषित (स.) स्वतः जखमी झाले.

आता विचार करा. मशवरा घेतला आणि नुकसान झालं. हुकूम दिला आणि तो मोडला गेला. आपल्या कुठल्याही संस्थेत यानंतर काय झालं असतं? “म्हणून सांगत होतो, यांना विचारायचंच नसतं.” मेमो, निलंबन, सगळ्यांसमोर पाणउतारा. कुरआनने काय सांगितलं ते सूरह आले-इमरानच्या १५९ व्या आयतीत आहे आणि ती आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. तिचा आशय असा, की अल्लाहच्या रहमतीमुळे तुम्ही या लोकांशी मऊ वागलात, कठोर मनाचे असता तर ते तुमच्यापासून पांगले असते. तेव्हा त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी दुआ करा आणि कामात त्यांचा मशवरा घ्या. पुन्हा मशवरा! ज्यांचा सल्ला महागात पडला, ज्यांनी हुकूम मोडला, त्यांच्याशीच. आणि आयत तिथे संपत नाही. एकदा निर्णय पक्का केला की अल्लाहवर भरवसा ठेवून पुढे जा, असंही ती सांगते. म्हणजे ढिलेपणाही नाही. ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं ठामपणे, आणि चुकलेल्याला पुन्हा जवळ बसवायचं.

हे जलशात सांगायचं आणि ऑफिसात विसरायचं, याला मी काय म्हणू? हजरत अबूबकर (र.) खलीफा झाल्यावर पहिल्याच भाषणात लोकांना म्हणाले होते, की मी बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. आमच्यापैकी किती संस्थांमध्ये शिक्षक सदर साहेबांना म्हणू शकतो, “साहेब, इथे तुमचं चुकतंय”? म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी तुमच्या वेळापत्रकात शेवटचे तास वाढलेले दिसतील.

इथवर मी दुसऱ्यांकडे बोट दाखवलं. आता स्वतःकडे. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापक दीर्घ रजेवर गेले आणि दोन महिने प्रभार माझ्याकडे आला. मला वाटलं होतं मी वेगळी वागेन. तिसऱ्या आठवड्यात मी एका सहकारी शिक्षिकेवर व्हरांड्यात ओरडले, मुलांसमोर, एका माहितीच्या तक्त्यासाठी. सकाळी दहाला ग्रुपवर मेसेज आला होता, ‘दुपारी दोनपर्यंत माहिती सादर करावी, विलंब झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील’. साडेबाराला फोन आला. पलीकडून जो आवाज चढला होता तोच आवाज मी पुढे दिला, जसाच्या तसा. तिच्या घरी सासू दवाखान्यात होती, हे मला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर ज्या व्हरांड्यात ओरडले होते तिथेच मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या बाजी, सगळेच करतात.” हे वाक्य मला तिच्या रागापेक्षा जास्त लागलं.

त्या दोन महिन्यांत कळलं की हेडसरांची खुर्चीही भीतीवरच ठेवलेली आहे. संच मान्यतेत विद्यार्थी कमी भरले तर पद जाईल, शिक्षक अतिरिक्त होईल. पोषण आहाराचा हिशेब, आधारची पडताळणी, पोर्टल बंद, मुदत आज. वरून ओरडा, आतून संस्था, बाहेरून पालक. हा माणूस कुणाजवळ बोलतो? कुणाजवळच नाही. आपण मुख्याध्यापकाला शाळेची चावी देतो, शिक्का देतो, पण थकलो असं म्हणायची परवानगी देत नाही. मग ते थकणं रजिस्टर भिरकावण्यातून बाहेर पडतं. हे मी त्यांचा गुन्हा माफ करायला सांगत नाही. ज्याला स्वतःचा राग ओळखता येत नाही त्याच्या हातात चाळीस माणसांची रोजी द्यावी का, हा प्रश्न मी विचारते आहे.

आणि वेगळं वागता येतं. नोकरीच्या सुरुवातीला मला एक मोठ्या बाजी मुख्याध्यापिका म्हणून लाभल्या. पोषण आहाराच्या नोंदीत मी आकड्यांचा घोळ केला, तांदळाचा हिशेब जुळेना. मी घाबरत त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी दार लावलं. म्हणाल्या, “पहिलं हे निस्तरू, मग बोलू.” सुट्टीनंतर सहापर्यंत आम्ही दोघींनी महिन्याभराच्या नोंदी जुळवल्या. मग बोलल्या, आणि चांगल्याच बोलल्या. पुढचे तीन महिने दर शनिवारी रजिस्टर मला त्यांना दाखवावं लागलं, त्यात सूट नव्हती. पण ही गोष्ट त्या खोलीबाहेर गेली नाही. त्यानंतर माझ्याकडून चूक झाली की मी सगळ्यात आधी त्यांच्याकडे जायची. त्यांच्या शाळेत चुका लपत नव्हत्या, म्हणून वाढत नव्हत्या. उशिरा येणाऱ्या एका सरांची त्यांनी नियमाने किरकोळ रजा मांडली, आवाज न चढवता. ते सर पुढच्या आठवड्यात वेळेवर आले. त्यांना कुणी ‘कडक’ म्हणत नसे. मऊ म्हणत. त्या मऊ बाईंची शाळा त्या रजेवर असतानाही वेळेवर भरायची.

आता मुद्द्याचं, संस्थाचालकांसाठी. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. मुख्याध्यापक निवडताना आपल्या संस्थांना इतर खाजगी शाळांपेक्षा जास्त मोकळीक आहे. हा हक्क वापरून आपण काय निवडतो? “स्टाफला दाबात ठेवेल” असा माणूस. नात्यातला, मर्जीतला, आपल्यापुढे वाकणारा आणि खालच्यांना वाकवणारा. हक्क घटनेचा आणि वापर जहागिरीचा! मी पाहिलेल्या शाळांत शिक्षकवर्गात बाया जास्त आणि समितीच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष. तिथे बाळंतपणाच्या रजेचा अर्ज देतानाही मान खाली घालावी लागते. जणू कायद्याने दिलेली रजा ही साहेबांची खैरात आहे.

पुढच्या वेळी निवड कराल तेव्हा एक करा. उमेदवाराला निकालाची टक्केवारी विचारा, पण तो ज्यांच्यासोबत काम करतो त्यांनाही विचारा, शिपायाला आणि शिक्षण सेवकाला आधी. चूक झाली तर तुम्ही यांच्याकडे जाल का? एवढा एकच प्रश्न पुरे.

मुख्याध्यापकांनो, तुमच्याकडून मागणं फार नाही. बोलायचं असेल ते बोला, कठोर बोला, पण दार लावून, मुलांसमोर कधीच नाही. रात्री नऊनंतर ग्रुपवर कुणाचं नाव घेऊन हिशेब मागू नका. महिन्यातून एकदा मशवऱ्याला बसा आणि तुमचं मत शेवटी सांगा, कारण तुम्ही आधी बोललात की बाकीचे फक्त मान हलवतात. वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणा, “ही माझी चूक होती.” पहिल्यांदा जीभ अडखळेल. माझीही अडखळली होती.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं तर सोडाच, मानसिक त्रास देण्यालाही मनाई करून ते शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरवलं. हा कायदा आम्ही स्टाफरूमच्या भिंतीवर लावला आहे. त्याच भिंतीखाली मुलांना शिकवणाऱ्यांचा रोज अपमान होतो. अपमान गिळून वर्गात गेलेली शिक्षिका तो कुठे ओकणार? समोर साठ मुलं बसलेली असतात. मागच्या बाकावरच्या, उत्तर न येणाऱ्या, फाटक्या दप्तराच्या मुलावर तो निघतो. आपल्या मुलांनी शाळा का सोडली याची कारणं आपण गरिबीत शोधतो, बेरोजगारीत शोधतो. ती खरीच आहेत. पण कधीतरी मुख्याध्यापकांच्या खोलीपासून शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघा.

पुढच्या रबीउल अव्वलला जलसा होईल. सदर साहेब पुन्हा हजरत अनस (र.) यांची गोष्ट सांगतील. मी मागच्या रांगेत असेन. या वेळी माझं लक्ष भाषणाकडे कमी आणि शिपाईमामांकडे जास्त असेल. चहा त्या दिवशीही थंड होईल, हॉल लांब आहे.